एक फेरा जास्त

१

अलास्कातल्या त्या तळ्याकाठच्या गावाला रस्ता नाही. जे येतं ते आकाशातून येतं, नाहीतर पाण्यावरून. म्हणून तिथल्या बायका नवऱ्याची वाट कानांनी बघतात. ओकालेना, जिला सगळं गाव लेना म्हणायचं, स्वयंपाकघरात मासे कापत असली तरी तिचा एक कान तळ्याच्या पलीकडे असायचा. गावात विमानं बरीच होती, दुसरीकडे घरटी होडी असते तशी. पण आपल्या माणसाचा खोकला आपण गर्दीत ओळखतो, तशी झाखारच्या विमानाची घरघर ती ओळखायची.

सगळं ठरलेलं होतं. झाखार घरी येताना घराभोवती एक फेरा मारायचा, बराच खालून, पंख तिरपा करून. लेनाने चहाचं पाणी चढवायचं, डोक्याला लाल रुमाल बांधायचा आणि धक्क्यावर जाऊन हात हलवायचा. त्या विमानाला चाकांऐवजी लांबट होडक्यांसारखे दोन पाय होते. पाण्यावर उतरलेल्या विमानाला ब्रेक नसतो, म्हणून धक्क्यावर दोर धरायला कुणीतरी लागतंच. लग्न झाल्यापासून तो दोर लेनाने धरला होता. इतर घरांतही तीच रीत होती. कुणाचा फेरा ऐकू आला की लोक म्हणायचे, चला, त्यांच्याकडे चहा झाला.

सप्टेंबर लागला होता. मूस हरणांच्या शिकारीचे दिवस. दुपारी घरघर ऐकू आली, लेनाने पाणी चढवलं, रुमाल बांधला, धक्क्यावर गेली. विमान डोक्यावरून गेलं. तिने हात हलवला. आता ते तळ्यावर उतरणार, म्हणून ती दोराकडे वाकली, तर ते उतरलंच नाही. घरामागे मोठी दलदल आहे, तिकडे ते वळलं आणि आणखी एक फेरा मारून मग खाली आलं.

“पाणी आटलं की चुलीवर,” दोर खुंट्याला गुंडाळत ती म्हणाली. “पोरांसारखे फेरे काय मारतोस?”

झाखार होडक्यावरून धक्क्यावर उतरला. साठी उलटलेला, पण अजून उडी मारूनच उतरायचा. “मात्रोना गेली का?” त्याने विचारलं.

“कुठली मात्रोना? सकाळपासून कुणी फिरकलं नाही इकडे.”

“मग मागे दलदलीत कोण बाई होती? हात हलवत होती.”

“तुला या वयात बायका दिसायला लागल्या का? चष्मा बदल, म्हाताऱ्या.”

तो हसला. मांसाची पोती उतरवून झाली, दोघं चहाला बसली. सुक्या माशाचा तुकडा तोडता तोडता तो सहज म्हणाला, “हात हलवत होती, पण वर बघत नव्हती.”

लेनाने त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणून मी पुन्हा वळलो,” तो म्हणाला. “विमानाला हात करणारा माणूस वर बघतो की नाही?”

२

दुसऱ्या दिवशी लेना बादली घेऊन दलदलीत गेली. भीती वाटली म्हणून नव्हे. झाडलोट करताना एखादी चिंधी खाटेखाली राहिल्यासारखं मनाला वाटत होतं, ती काढून टाकावी म्हणून.

वाटेतच तिला उत्तर सापडलं आणि ती स्वतःशी हसली. बेरी वेचणारी बाई! बेरी वेचताना मान खालीच असते, आणि एका हाताने सारखे डास हाकलावे लागतात. वरून बघणाऱ्याला वाटणार, हात हलवतेय. पलीकडच्या गावातून होडीने कुणीतरी आलं असेल. आली तर आली. दलदल काही कुणाच्या बापाची नाही.

झाखारने सांगितलेली जागा तिला लगेच मिळाली. दोन खुरटी भुर्जं, त्यांच्यात एक मोकळा पट्टा. तिथलं शेवाळ गादीसारखं असतं, पाय टाकला की खड्डा पडतो आणि पाण्याने भरून दिवसभर तसाच राहतो. लेनाच्या मागे तिच्या पावलांच्या खड्ड्यांची रांग चकाकत होती. पुढे काहीच नव्हतं. शेवाळ फुगीर, आणि बेरी झुडपाला जशाच्या तशा, एकीलाही कुणाचा हात लागलेला नाही.

तिने बादली भरून घेतली. आली आहे तर रिकामं कशाला जायचं. वाकून वेचता वेचता तिच्या लक्षात आलं की आपण दुसरा हात अजिबात वापरत नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदाच दव गोठून पांढरं झालं होतं. डास केव्हाच मेले होते.

ती ताठ उभी राहिली. तिथून घर दिसत होतं, घराची मागची भिंत. या भिंतीला खिडकी नाही, हे तिला माहीत होतंच. तेव्हा मात्र ते डोळ्यांत खुपलं.

३

पुढच्याच आठवड्यात वासिली गेला. वासिली म्हणजे मात्रोनाचा नवरा, झाखारचा लहानपणापासूनचा जोडीदार. तळ्याच्या वरच्या टोकाला त्यांची मासेमारीची खोपी आहे, तिच्या मागे त्याचं विमान पडलं. ऊन स्वच्छ, वारा नाही, पाणी आरशासारखं. मात्रोना खोपीच्या पुढे दोर धरायला उभी होती.

शहरातून चौकशीचा माणूस आला. गावात खाणावळ नाही, म्हणून त्याचं जेवण लेनाकडे. तरुण होता, नम्र होता, नाक सारखं लाल. लेनाने त्याला माशाचं कालवण वाढलं. झाखार मुकाट बसून होता, म्हणून तिनेच विचारलं, “काय बिघडलं होतं?”

“काहीच नाही, बाई,” तो म्हणाला. “आम्ही पहिल्यांदा इंधन बघतो. टाकीत भरपूर होतं, त्यात पाणी शिरलेलं नव्हतं. इंजिन चालू होतं. पंखावर बर्फ नव्हता, वजन जास्त नव्हतं. मला वाटलं, मूसची शिंगं बाहेर बांधली असतील. तुम्ही लोक बांधता ना पायांना? वारा त्यात अडतो. तीही नव्हती.”

“मग?”

त्याने साखरेचं भांडं पुढे ओढलं. “हे मूस समजा.” मग तळहात आडवा धरला. “हे विमान. खाली काहीतरी दिसतं. माणूस वळतो. नजर खाली. नीट दिसावं म्हणून हळू होतो, आणखी हळू. नजरेतून सुटू नये म्हणून वळण आवळतो. पंख जास्त तिरपा, वेग कमी. आणि मग पंखाखालची हवा धरत नाही.” त्याचा हात एकदम उलटा होऊन बशीत पडला.

“साखर सांडू नका,” लेना म्हणाली.

“पंखात पिपाणी असते ना, ती वाजते त्याआधी,” झाखार पहिल्यांदाच बोलला. “विमान फार हळू झालं की वाजते. वासिली बहिरा नव्हता.”

“वाजली असेल. खूप लोक ती ऐकतात, काका, आणि तरीही बघत राहतात.” तो माणूस म्हणाला. “लोकांना वाटतं वादळात जास्त मरतात. मी बघितलेले कितीतरी घराजवळ गेले, चांगल्या हवेत. कुणी मूस बघताना, कुणी आपलंच घर बघताना.”

“तिथे मूस होता?” झाखारने विचारलं.

“माग नव्हते,” तो म्हणाला. “पण निघून गेला असेल. काहीतरी होतंच. माणूस उगाच एवढे फेरे मारत नाही.”

४

वासिलीसाठीची प्रार्थना झाली. लोक जेवून गेले. लेना भांडी घासायला मागे राहिली. मात्रोना टॉवेलने एकच बशी बराच वेळ पुसत होती.

“ठेव ती,” लेना म्हणाली. “झिजेल.”

“लेना, एक विचारू? हसशील.”

“हसायचे दिवस आहेत का हे?”

“जायच्या आदल्या दिवशी तो माझ्यावर चिडला होता. म्हणाला, तू खोपीच्या मागे त्या खडकावर कशाला चढलीस, पाय घसरला असता म्हणजे? मी म्हटलं, अरे बाबा, मी पुढे दोर धरला ना तुझा? तर म्हणतो, मग मी कुणाला बघितलं? तुझाच निळा सदरा होता.” मात्रोनाने बशी फळीवर ठेवली आणि पुन्हा उचलली. “मी म्हटलं, वर बघून हसले का मी? तर म्हणाला, तेच तर. वर बघत नव्हतीस.”

लेनाने हात पाण्यातून काढले नाहीत. पाणी गार झालं होतं.

“मी चेष्टा केली त्याची,” मात्रोना म्हणाली. “म्हटलं, पुढच्या वेळी हाक मार तिला, बघेल वर.”

५

त्या दिवशी लेना घरी येऊन झाखारला म्हणाली, “आजपासून फेरा बंद.”

“का गं?”

“बंद म्हणजे बंद. सरळ यायचं, सरळ उतरायचं. आणि विमान पाण्याला लागल्याशिवाय मी बाहेर येणार नाही. म्हणजे तुला खाली बघायला काही कारणच नको.”

“लोक म्हणतील झाखारच्या घरी भांडण झालं.”

“म्हणू देत. चहा मिळेल तुला.”

“बरं बाई,” तो म्हणाला. तो तिचं ऐकायचा. तरुणपणी कधीमधी आडमुठेपणा केला असेल, पण एवढ्या वर्षांत तिने तोंडाने मागितलेली गोष्ट त्याने नाकारली नव्हती. तिचंही मागणं फार नसायचं.

मग तो विमान घेऊन सरपणाची लाकडं बघायला वरच्या अंगाला गेला. परतीच्या वेळी लेना स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली. रुमाल खुंटीला होता. घरघर आली. तळ्यावरून सरळ येत होती. शहाणा माणूस, ती मनात म्हणाली. आवाज खाली आला, इंजिन मंदावलं, आता पाण्याचा सपकारा ऐकू येईल.

इंजिन पुन्हा जोरात गरजलं. आवाज छपरावरून मागे गेला.

दलदलीवर एक फेरा. ती मोजत नव्हती, पण अंग मोजत होतं. आवाज एका बाजूने यायचा, भिंतीमागून सरकायचा, दुसऱ्या बाजूने यायचा. दर खेपेला तो वर्तुळ लहान करत होता. फळीवरच्या बश्या बारीक किणकिणायला लागल्या. त्या भिंतीला खिडकी नाही. बाहेर जावं तर तो आपल्याकडे बघेल. आत बसावं तर तो कुणाकडे बघतोय? ती उठली, बसली, टेबलाची कड धरून राहिली. इंजिनचा आवाज बारीक होत गेला, जणू ते श्वास रोखून बसलं आहे.

मग ते एकदम मोठ्याने ओरडलं आणि दूर गेलं.

उतरल्यावर झाखारला उडी मारता आली नाही. धक्क्यावर बसूनच तो म्हणाला, “काय झालं होतं तुला?”

“मला? मी घरात होते.”

“लाल रुमाल होता, लेना.”

“खुंटीला आहे. ये, बघ.”

“मला वाटलं तुला काहीतरी झालंय. तू बोलावते आहेस, आणि मान वर होत नाहीये तुझी. मी असा जाऊ का सोडून?” त्याने तोंडावरून हात फिरवला. “पिपाणी वाजत होती. किती वेळ वाजत होती कुणास ठाऊक. मला वाटलं किटलीची शिट्टी आहे.”

६

मग झाखारने विमान काठावर ओढून बांधून टाकलं, आणि दिवस बरे गेले. गावात आणखी कुणाला काही दिसलं नाही, किंवा दिसलं तरी कुणी बोललं नाही. लेनाचा पुतण्या एवन भेटला तेव्हा तिने आडून विचारलं. तो म्हणाला, “काकू, मला वरून फक्त मूस दिसतो, आणि तोही माझ्या बंदुकीत गोळी नसते तेव्हा.” ती हसली. घरी येताना तिला वाटलं, झालं ते झालं. वासिली गेला त्या दुःखाने झाखारच्या डोळ्यांना भूल पडली असेल. पण त्याने ती बाई पहिल्यांदा बघितली तेव्हा वासिली जिवंत होता. हे तिला दर वेळी शेवटी आठवायचं.

कधी चुलीपाशी उभी असताना ती स्वतःचा हात उचलून हलवून बघायची. जवळून दिसतं, हा हात ‘ये’ म्हणतोय की ‘जा’ म्हणतोय. आढ्यावरून कुणी बघत असेल तर त्याला काय कळणार? दोन्ही एकच दिसेल.

ऑक्टोबरात निरोप आला. त्यांची मुलगी अनिस्या गरोदर होती, पहिलटकरीण. तिला शहरात ठेवलं होतं, आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. टपालाचं विमान पुढच्या आठवड्यापर्यंत नव्हतं. झाखार काठावर जाऊन विमानाचे दोर सोडायला लागला.

“मी येणार,” लेना म्हणाली.

“येणारच तू. मुलगी तुझी आहे.”

“परत येतानाही. तू एकटा या तळ्यावर यायचं नाहीस. मी शेजारी बसेन, तू समोर बघायचं. मान जरा वळली की मी कान पिळेन.”

“आणि तू कुठे बघशील?”

“तुझ्याकडे,” ती म्हणाली. “दुसरं काय काम आहे मला?”

अनिस्याला मुलगी झाली. लहानशी, पण आवाज खणखणीत. झाखारने तिला हातात घेतली आणि तिच्या कपाळाकडे बघत इतका वेळ उभा राहिला की दाई म्हणाली, “आजोबा, आता आईला द्या.” अनिस्या म्हणत होती, राहा इथेच हिवाळाभर. पण काठाला बर्फाची साय धरायला लागली होती. तळं गोठायच्या आत विमान घरी न्यायला हवं होतं, आणि बर्फ पक्का झाला की त्यावर उतरणाऱ्या टपालाच्या विमानाने पोर घेऊन अनिस्याही तिथेच येणार होती. घर गरम करून ठेवायचं होतं. पाळणा करायचा होता. लेनाने निघताना नातीच्या पायांना ओठ लावले आणि म्हणाली, “येते हं. लवकर ये तू.”

७

हवा काचेसारखी होती. डोंगरांवर नवा बर्फ, खाली सगळी झाडं पिवळी होऊन झडलेली. झाखारने तळ्याच्या लांबच्या टोकाकडून शिरायचं ठरवलं होतं, म्हणजे घर आणि दलदल उजव्या हाताला दूर राहणार. तो मान ताठ ठेवून समोर बघत होता, नवऱ्या मुलासारखा. लेना त्याच्याकडे बघत होती. त्याच्या कानामागचे पांढरे केस वाढले होते. घरी गेल्यावर कापायला हवेत, तिच्या मनात आलं.

“पाळणा भुर्जाचा करू की देवदाराचा?” तो म्हणाला.

“देवदाराचा. वास चांगला येतो.”

“तुझ्या आईनेही हेच सांगितलं होतं.”

तळं आलं. तिने फक्त एकदाच बघितलं. आपलं घर जागेवर आहे ना, एवढंच. बाहेरून घरी येणारं कुठलंही माणूस बघतं तसं. छप्पर दिसलं, धक्का दिसला, मासे वाळवायचा मांडव दिसला. घराच्या मागची भिंत दिसली.

भुर्जांच्या मधल्या पट्ट्यात एक बाई उभी होती.

लेनाला भीती वाटली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. एवढीशी तर होती, बोटाच्या पेराएवढी. डोक्याला लाल रुमाल. लेनाने नकळत आपल्या डोक्याला हात लावला. रुमाल होता, गाठ हनुवटीखाली होती. मग ही मी नाही, ती मनात म्हणाली. मी इथे आहे. ही दुसरी कुणीतरी आहे, आणि दुसऱ्या कुणाला तरी चेहरा असतोच. बाईचा हात हलत होता, सावकाश, न थकता, आणि मान खाली. पायाशी काही हरवल्यासारखी. एकदा तिने वर बघितलं की कळेल कोण आहे. पलीकडच्या गावातली असेल. मात्रोना असेल. मग कसली भीती आणि कसलं काय. वासिलीचं ओझं उतरेल, झाखार सुखाने उडेल, पोर येईल घरात.

“झाखार,” ती म्हणाली, “उजवीकडे जरा.”

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. “उजवीकडे काय आहे?”

“तू नको बघूस. मी बघते. तू नुसता वळ.”

“लेना, तूच म्हणाली होतीस.”

“एकदाच. तोंड दिसलं की संपलं बघ सगळं. तू समोरच बघ.”

तिने तोंडाने मागितलं होतं. त्याने हँडल उजवीकडे कलवलं, पंख तिच्या बाजूने खाली झुकला, आणि दलदल खिडकीत अशी भरून आली, जशी परातीत ओतली. बाई आता मोठी दिसत होती. रुमालाची गाठ दिसत होती. तिच्या पायाखालचं शेवाळ फुगीर होतं, दबलेलं नव्हतं.

“दिसली?”

“नाही अजून. जरा हळू.”

इंजिन मंदावलं. फेरा पुरा झाला. पंखाच्या कडेने भुर्जं सरकली आणि बाई पंखामागे जायला लागली.

“अरे, सुटली. आवळ जरा. अजून.”

“लेना,” तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, लहान मुलाला उठवताना असतो तसा. “लेना, पिपाणी वाजतेय.”

तिला ऐकू येत होती. बारीक, लांबलेली, आत्ताच सुरू झालेली की मघापासून वाजणारी, कोण जाणे. खाली हलणारा हात थांबला होता. रुमालाची कड मागे सरकली आणि तिच्याखाली कपाळाची गोरटी पट्टी दिसायला लागली.

“थांब रे,” लेनाने काचेला कपाळ टेकलं. “थांब. बघतेय ती. आता बघतेय वर.”